लाल ठिपक्याची भानगड

अहो, ऐकलंत का? छे, तुम्ही कुठून ऐकणार, रविवारी तुम्ही बदलापूरला साखरपुड्याला. तरीच म्हटलं, खाली हॉलमध्ये एवढी गंमत झाली आणि तुमच्या तोंडून अजून एक अक्षर कसं नाही! थांबा हं, कुकर बंद करून येते... हं, आता या अशा कठड्याजवळ. मोठ्यानं बोलायची सोय नाही, वरच्या गॅलरीत सेक्रेटरी झाडांना पाणी घालतायत.

तर सोसायटीच्या पुनर्विकासासाठी बिल्डरचं प्रेझेंटेशन होतं, ते तुम्हाला माहितीच आहे. हा तिसरा. पहिला पळाला, दुसऱ्याला आपण पळवला, आता हा. मालक कुठले यायला? एक सूटबूटवाला मुलगा पाठवला होता. कडक इस्त्री, केसांना जेल आणि हातात तो लेझर पॉइंटर. आल्याआल्या त्यानं लाल ठिपका पंख्यावर, छतावर, गणपतीच्या तसबिरीवर फिरवून बघितला. तळमजल्यावरच्या आजी पहिल्याच रांगेत. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "बाळा, डोळ्यांत नको हो मारू कुणाच्या." झालं, त्याचा पहिला रंग तिथेच उतरला.

आता आपला तो टीव्ही. दिवाळीत घेतलेला, पंचावन्न इंची. कुणाच्या पैशातून, ते मी बोलत नाही. प्रोजेक्टर गेला माळ्यावर, आणि या टीव्हीवर लेझर दिसेना हो! म्हणजे दिसतो, पण इतका फिका की डोळे बारीक करून शोधावा लागतो. पांढऱ्या पडद्यावर पडलेला उजेड पडदा चहूबाजूंना परत फेकतो, म्हणून तो ठळक दिसतो. टीव्हीचा काळा चकचकीत पडदा तो उजेड जवळजवळ गिळूनच टाकतो, आणि टीव्हीचा स्वतःचा झगझगाट वेगळाच. मुलगा म्हणतोय, "हा बघा, इथे तुमचा पोडियम," आणि अख्खा हॉल माना वाकड्या करून बघतोय.

आणि हे हॉलमधल्यांचं! झूमवरच्यांचं तर विचारूच नका. दुसऱ्या मजल्यावरची ती एडिसनवाली, तिकडे अमेरिकेत रात्रीचा एक वाजलेला, बिचारी डोळ्यांत तेल घालून बसलेली. आणि चौथ्या मजल्याचा दुबईवाला. मुलगा म्हणाला, "इथे क्लब हाऊस." एडिसनहून आवाज आला, "कुठे?" मुलगा म्हणाला, "इथे, मॅडम." पुन्हा, "इथे म्हणजे कुठे?" असं चाललं होतं बराच वेळ. शेवटी दुबईवाला काय म्हणाला माहितीये? "साहेब, तुम्ही नुसतं 'इथे' म्हणताय, आम्हाला इथलं इथेच दिसतंय." हॉलमध्ये असा हशा! सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत. झूमची लिंक त्यांनी स्वतः पाठवली होती ना.

आणि मग उठली कोण, सांगा बघू? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची सून. हो हो, तीच, जी दिवसभर कानाला हेडफोन लावून घरून काम करते आणि जिच्याबद्दल वहिनी म्हणतात, "आमच्याकडे भाजीसुद्धा मीटिंग संपल्यावर चिरली जाते." ती पुढे गेली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, लेझर टीव्हीच्या काचेवर पडतो. लॅपटॉपच्या आत कसा जाईल? झूमवर जातं ते लॅपटॉपच्या आतलं चित्र." एवढंच वाक्य. पण त्या मुलाचा चेहरा! आणि वहिनींचा चेहरा त्याहून बघण्यासारखा. भाजीबिजी सगळी विसरल्या, शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणतायत, "आमची आहे हं."

तर काय सांगत होते... हं, सून. तिनं त्याला दाखवलं की पॉवरपॉइंटच्या पोटातच एक लेझर असतो. स्लाइड शो चालू असताना कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि माउसचं डावं बटण दाबून फिरवायचं, बाणाचा लाल ठिपका होतो. नाहीतर कंट्रोल आणि एल. २०१० च्या पॉवरपॉइंटपासून ही सोय आहे म्हणे, आणि मुलगा म्हणतो, "मॅडम, मी चार वर्षं प्रेझेंटेशन करतोय, मला कुणी सांगितलंच नाही." तळमजल्याच्या काकांना लाल-हिरव्यातलं धड कळत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे, सिग्नलला काकूच सांगतात त्यांना. तर त्यांनी हात वर केला. सुनेनं स्लाइड शोच्या सेटअपमध्ये जाऊन ठिपक्याचा रंग निळा केला. काका इतके खूश, की त्यानंतर प्रत्येक स्लाइडला मान डोलावत होते. सही मागितली असती तर तिथेच देऊन मोकळे झाले असते हो!

एडिसनवालीला ठिपका दिसला. सगळं छान चाललं. आणि मग आली मजल्याच्या नकाशाची वेळ.

नकाशा होता पीडीएफमध्ये. पॉवरपॉइंट सोडलं आणि ठिपका गायब! सून म्हणाली, "तो पॉवरपॉइंटचा आहे ना, तिथेच राहणार. सगळीकडे चालणारा पॉइंटर हवा असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं." सेक्रेटरी लगेच, "खर्च किती?" बघा, टीव्हीच्या वेळी हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. ती म्हणाली, "फुकट आहे काका, मायक्रोसॉफ्टचंच आहे, पॉवरटॉइज." चहा येईपर्यंत त्या मुलाच्या लॅपटॉपवर चढवलंसुद्धा.

त्यात काय काय आहे, अहो, मला तर वेडच लागलं बघून. डावीकडचं कंट्रोल दोनदा टकटक केलं की अख्खी स्क्रीन अंधारते आणि बाण असेल तेवढाच गोल उजळतो. बाण सरकवाल तसा उजेडही सरकतो. विंडोज, शिफ्ट आणि एच दाबलं, की जिथे क्लिक कराल तिथे रंगीत वर्तुळ उमटतं. विंडोज, ऑल्ट आणि पी दाबलं, की बाणातून आडवी-उभी रेघ स्क्रीनच्या चारी टोकांना जाते, तक्त्यातला कुठल्या ओळीतला कुठला आकडा ते चटकन कळतं. आमच्या ह्यांनी लगेच डायरीत लिहून घेतलं. ह्यांचा बाण रोज हरवतो ना, मग ते मला हाक मारतात, "अगं, तो कुठे गेला बघ." म्हटलं, आता मला नका बोलावू, कंट्रोल दाबा दोनदा.

आणि त्यातल्याच झूमइटची गोष्ट तर ऐकायलाच हवी. झूम नव्हे हो, झूमइट, ते वेगळं. ते ज्यानं लिहिलं ना, मार्क रुसिनोविच, तो मायक्रोसॉफ्टमधला मोठा साहेब, अझ्युअरचा सीटीओ. पण हे त्यानं लिहिलं स्वतःच्या व्याख्यानांसाठी, स्वतःची अडचण होती म्हणून. आणि हा तोच बरं का, ज्यानं २००५ मध्ये सोनीच्या गाण्यांच्या सीड्यांमधून लोकांच्या कॉम्प्युटरात काय गुपचूप शिरतंय ते चव्हाट्यावर आणलं होतं! पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं त्याची कंपनीच विकत घेतली. आता २०२५ पासून त्याचं झूमइट पॉवरटॉइजमध्येच मिळतं. कंट्रोल आणि १ दाबलं की स्क्रीन मोठी होते. कंट्रोल आणि २ म्हणजे स्क्रीनवर रेघोट्या मारायच्या, आर दाबलं तर लाल, जी दाबलं तर हिरवी, शिफ्ट धरलं तर सरळ रेघ, कंट्रोल धरलं तर चौकोन. ई दाबलं की सगळं पुसलं. आणि कंट्रोल-३ म्हणजे मध्यंतराचं घड्याळ, दहा मिनिटांपासून उलटं मोजायला लागतं. वेळ संपून किती मिनिटं वर गेली तेही दाखवायची सोय आहे त्यात. सुनेनं ते चहाच्या वेळी लावून ठेवलं. आपल्या सेक्रेटरींचा चहा किती वेळ चालतो ते काय मी सांगू? पण त्या दिवशी टीव्हीवर आकडे धावताना दिसले आणि सेक्रेटरींनी अर्धा कप तसाच ठेवला. आजवरच्या इतिहासात पहिल्यांदा!

त्या चहाच्या वेळात ती आमच्याशी बोलत होती, म्हणून मला हे सगळं कळलं. म्हणाली, "काकू, ही दुसऱ्याच्या स्क्रीनवर बोट दाखवायची हौस आजची नाही." ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. हजारेक इंजिनियर सभागृहात बसलेले आणि डग्लस एंगलबार्ट नावाचा माणूस एकटा स्टेजवर. दीड तास त्यानं जे दाखवलं ते लोकांनी तोवर स्वप्नातही बघितलं नव्हतं. हातात माउस आणि पडद्यावर हलणारा ठिपका. आणि मग त्यानं तिथून पन्नासेक किलोमीटर लांब मेनलो पार्कला बसलेल्या आपल्या सहकाऱ्याला जोडून घेतलं. सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात, मजकूर एकच आणि त्यावर दोघांचे दोन ठिपके! म्हणजे आपण लॉकडाऊनमध्ये जे शिकलो, ते त्यानं बावन्न वर्षं आधी करून दाखवलं होतं, मायक्रोवेव्हच्या लिंकवरून.

आणि मिळालं काय त्याला? हेच तर! माउसचं पेटंट १९७० मध्ये झालं, पण तो जिथे काम करायचा त्या संस्थेच्या मालकीचं. सगळ्या जगाच्या टेबलांवर माउस आला आणि त्या माणसाला रॉयल्टीचा एक पैसा नाही. त्याचा पहिला माउस १९६४ चा, लाकडी, एका बटणाचा, बिल इंग्लिश नावाच्या सहकाऱ्यानं बनवलेला. आमच्या वहिनी हळहळल्या, "अगंबाई, एक पैसा नाही?" आणि पुढच्याच क्षणाला, "मग बायकोनं काही म्हटलं नाही का त्याला?"

अजून एक सांगितलं तिनं. स्क्रीनवरचा बाण डावीकडे कललेला का असतो, विचार केलात कधी? एंगलबार्टचा सरळ उभा होता. पुढे झेरॉक्सच्या पार्क नावाच्या प्रयोगशाळेत तो कलता केला, कारण तेव्हाच्या स्क्रीनवर ठिपके इतके जाडे, की बारीक उभा बाण दिसायचाच नाही नीट. तिरका केल्यावर एक कड सरळ आणि दुसरी पंचेचाळीस अंशांत, तो चटकन डोळ्यांत भरायला लागला. तेव्हापासून आपला सगळ्यांचा बाण तिरका. आजी म्हणाल्या, "तिरकं असल्याशिवाय कुणी बघत नाही गं," आणि खजिनदारांकडे बघितलं. का, ते तुम्ही समजून घ्या.

तर काय सांगत होते? हं, चहा झाला, नकाशा लागला. मुलानं ऐटीत कंट्रोल दोनदा दाबलं, टीव्हीवर अंधार, मध्ये उजेडाचा गोल. हॉलमधून "वा!" आणि एडिसनहून पुन्हा, "कुठे?"

आता मात्र मुलगा रडकुंडीला आला. हॉलमध्ये दिसतंय, तिकडे दिसत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "तिचंच नेट खराब असणार." ती तिकडून म्हणाली, "माझं नेट उत्तम आहे, तुमच्या सोसायटीचं बघा." तुमच्या म्हणाली हो, आपल्या नाही! आता चार बायकांत चर्चा, की फ्लॅट विकायचा विचार दिसतोय.

सुनेनं वाकून बघितलं आणि सांगितलं, झूमवर शेअर करताना त्यानं फक्त पीडीएफची खिडकी निवडली होती. हा अंधार, हा गोल, त्या रेघोट्या, यातलं काहीच पीडीएफवर नसतं. सगळ्या खिडक्यांच्या वर एक वेगळा थर पसरलेला असतो, त्यावर ते रंगवतात. झूमला सांगितलंत एकच खिडकी दाखव, तर ते तेवढीच उचलून पाठवतं, वरचा थर इथेच राहतो. टीव्हीला केबलमधून अख्खी स्क्रीन जाते, म्हणून आपल्याला दिसतं. "अख्खी स्क्रीन शेअर करा," ती म्हणाली. आणि हळूच पुढे जोडलं, "पण आधी नोटिफिकेशन बंद करा."

पहिलं ऐकलं त्यानं. दुसरं नाही.

अख्खी स्क्रीन शेअर झाली आणि पाच मिनिटांत खालच्या कोपऱ्यात टुंग करून व्हॉट्सअ‍ॅप. मोठ्ठ्या अक्षरांत, पंचावन्न इंचांवर, शिवाय एडिसन आणि दुबई: "इथलं आटपलं का? पुढची सोसायटी ताटकळलीये. तेच प्रेझेंटेशन, नाव बदलून घे." अहो, तासाभरापूर्वी हाच मुलगा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "हे डिझाइन खास फक्त तुमच्या सोसायटीसाठी बनवलंय!" सगळ्यांनी वाचलं. कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मुलाचे कान लालबुंद, लेझर फिका पडला त्यापुढे. शेवटी आजींनीच कोंडी फोडली, "नाव बदललंयस ना रे, तेवढं बरं केलंस."

पण थांबा, खरी धमाल पुढे आहे. बिल्डरच्या मालकांचा फोटो असलेली स्लाइड, जॅकेट, हाताची घडी, पाठीमागे टॉवर. ती लागली आणि बघता बघता साहेबांना मिशा फुटल्या! खरंच. हिरव्या. झूमवर बसलेल्यांनाही स्क्रीनवर चितारता येतं, अ‍ॅनोटेट म्हणतात त्याला, होस्टनं बंद केलं नसेल तर कुणीही हात धुऊन घ्यावा. सेक्रेटरी कडाडले, "दुबई! हे शोभत नाही!" दुबईवाला शपथा घेतोय, "मी नाही, मी ऑफिसच्या कामात आहे." झालं, म्हणजे सभेत लक्ष नव्हतं हे त्यानंच कबूल केलं. इकडून चुळबुळ, तिकडून हसू.

सुनेनं काय करावं? तिथे एक सोय असते, चितारणाऱ्याचं नाव दाखवायची. ती चालू केली. तेवढ्यात साहेबांच्या डोळ्यांवर चष्म्याची काडी उगवायला लागली आणि शेजारी नाव आलं: "खजिनदार". अहो, खजिनदार पहिल्या रांगेत, आजींच्या बाजूला बसलेले! दोन्ही हात वर करून उभे राहिले, "मी इथे आहे, हे बघा माझे हात!" घरी नातवाच्या हातात टॅब, त्यात लॉगिन आजोबांचं. बायकोला फोन लावून ओरडले, "त्याच्या हातातून काढ आधी ते!" पलीकडून फोनवर त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते सांगत नाही, पण फोन स्पीकरवर होता एवढं सांगते. आणि तो टेन्शनमधला मुलगा, पहिल्यांदाच खळखळून हसला. बरा दिसतो हसला की.

मग अ‍ॅनोटेट बंद झालं, नोटिफिकेशन बंद झाली, आणि पुन्हा नकाशा.

आता नीट ऐका, कारण इथे गप्पांची गंमत संपते. मुलगा अंधार करून गोल फिरवायला लागला. क्लब हाऊसवर गोल. गच्चीवरच्या बागेवर गोल. "आणि हा तुमचा नवा फ्लॅट, ६५० चौरस फूट!" त्या आकड्यावर गोल असा थांबवला, की बघणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये. लग्नातला व्हिडिओवाला नवऱ्यामुलाकडच्यांवरच कॅमेरा ठेवतो ना, अगदी तस्संच. सगळे आकड्याकडे बघतायत. चार जणांनी तर मनात सोफासुद्धा ठेवला असेल.

आजी म्हणाल्या, "बाळा, दिवे लाव रे सगळे."

त्याला कळेना. "मॅडम, दिवे लावले की टीव्हीवर नीट दिसत नाही."

"हॉलचे नाही, तुझ्या नकाशाचे. त्या ६५० च्या डोक्यावर एक चांदणी आहे. चांदणी असली की तळाशी कुठेतरी बारीक अक्षरांत काहीतरी असतं. तेवढं अंधारात ठेवलंयस तू."

विसरलात का, आजी म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवायच्या. पंचवीस-तीस वर्षं पोरांच्या वह्यांच्या तळाची अक्षरं वाचलेल्या.

मुलगा गोंधळला. सुनेनं हात लांब केला आणि कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. तो अंधार कुठलंही बटण दाबलं की जातो, तेवढा सोपा आहे तो. अख्खं पान उजळलं. तिनं कंट्रोल-१ दाबून तळाचा कोपरा मोठा केला, कंट्रोल-२ दाबलं, आणि त्या ओळीभोवती लाल चौकोन काढला, सावकाश, कुणालाही चुकणार नाही असा. चांदणीपुढे लिहिलं होतं: बाल्कनी धरून.

अहो, एवढंसं वाक्य! सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एडिसनवाली तिकडून म्हणाली, "आता मला दिसलं. इथे!" तिच्या त्या "इथे"वर जो हशा झाला... पण मुलगा नाही हसला. आजींनी पर्समधून पेन काढलं, निमंत्रणाच्या पाकिटावर बाल्कनीची लांबी-रुंदी गुणली आणि वजाबाकी करून पाकीट सेक्रेटरींच्या हातात दिलं. ५८८. रेराच्या २०१६ च्या कायद्यात कार्पेट एरिया म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलंय, घरातल्या आतल्या भिंती त्यात धरायच्या, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाही. बाल्कनी वेगळी सांगावी, कुणाचं काही म्हणणं नाही. पण मोठ्या आकड्यात घालून वर उजेड आणि खाली अंधार? सेक्रेटरी पहिल्यांदाच आपल्या बाजूनं बोलले हो. म्हणाले, "तुमच्या मालकांना सांगा, आकडे रेराच्या व्याख्येनं लिहून आणायचे. चांदणी नको."

मुलाचा दोष नाही म्हणा. त्याला जसं बनवून दिलं तसं त्यानं दाखवलं. जाताना सुनेला म्हणाला, "मॅडम, ते सॉफ्टवेअर राहू दे ना लॅपटॉपवर?" ती म्हणाली, "राहू दे, फुकट आहे. पण पुढच्या सोसायटीत बाण जरा हळू फिरवा. झूमवर चित्र तुकड्यातुकड्यांनी जातं, गरगर फिरवलंत तर लांबच्या माणसाला नुसत्या उड्या दिसतात. एका जागी नेऊन ठेवायचा, वाक्य पूर्ण करायचं, मग पुढे जायचं." तो मान हलवून गेला. पॉइंटर मात्र इथेच विसरला. आता तो लाल लेझर सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि संध्याकाळी गच्चीवर मांजरीला कोण खेळवतं त्यानं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण नाव घ्यायचं नाही, वर पाणी अजून घालतायत.

एक सांगते तुम्हाला, आणि हे हसण्यावारी नका नेऊ. पॉइंटर हातात असलेला माणूस तुम्हाला काय दाखवायचं ते ठरवतो, तसंच काय नाही दाखवायचं तेही ठरवतो. गोल कुठे फिरतोय ते लेकरूसुद्धा बघेल. गोल कुठे फिरतच नाही, ते आपण बघायचं. मग तो बिल्डरचा असो, बँकेचा असो, विम्यावाल्या भाच्याचा असो, नाहीतर आपल्याच खजिनदारांचा वार्षिक हिशेब असो. हो, तोसुद्धा पुढच्या महिन्यात त्याच टीव्हीवर येणार आहे, आणि "किरकोळ खर्च" ही ओळ नेहमी सगळ्यात खाली असते.

तेव्हा तुम्ही एवढं करा. सेक्रेटरींना आजच ग्रुपवर मेसेज टाका, की सभेच्या आधी सगळ्या स्लाइड्सची आणि हिशेबाची पीडीएफ प्रत्येक सभासदाला मिळालीच पाहिजे. मी टाकला तर म्हणतील, हिला दुसरं काम नाही. तुम्ही टाका, मी खाली लगेच अंगठा देते. आणि पीडीएफ आली की शेवटच्या ओळीपासून वाचायला घ्या.